डबीतला गेम, खात्यातला गेम

व्हिडिओ गेम विकत घेण्याचे आज दोन मार्ग आहेत. दुकानातून डबी आणायची आणि तिच्यातली डिस्क यंत्रात घालायची. नाहीतर घरबसल्या ऑनलाइन दुकानात पैसे भरायचे आणि गेम डाउनलोड करून घ्यायचा. खेळताना पडद्यावर काडीचाही फरक दिसत नाही. तरी आमच्या घरी मामा-भाची एकत्र आली की यावरून हमखास जुंपते, आणि मी ते मन लावून ऐकते. मी स्वतः खेळत नाही. माझी नोकरी ग्रंथालयातली. पण वस्तू नेमकी कोणाच्या मालकीची, ती दुसऱ्याला वाचायला देता येते का, पन्नास वर्षांनी कोणी मागितली तर मिळेल का, हे माझ्या रोजच्या कामातले प्रश्न आहेत. म्हणून हा वाद जसा झाला तसा इथे मांडते आहे, मधे मला जे वाटलं त्यासकट.

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला राहतो, वय पंचेचाळिशीच्या आसपास, आणि त्याचे सगळे गेम डाउनलोड केलेले. माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. तिला डिस्कच लागते. वयाच्या मानाने उलटं वाटेल, पण दोघांची कारणं ऐकली की नवल राहत नाही.

मामा : तू डिस्कचं एवढं कौतुक करतेस, कारण आमचा काळ तू पाहिलेला नाहीस. तेव्हा प्लेस्टेशन टू घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारायचा, चिप बसवून देऊ का? चिप बसवली की कॉपी केलेल्या डिस्क चालायच्या. मुंबईत त्या ढिगाने मिळायच्या, प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, वर मार्करने नाव लिहिलेलं. खरी डबी बघितलेला माणूस विरळा. खऱ्या गेमची किंमत आम्हाला झेपायची नाही, आणि मिळायचाही एखाद्याच ठिकाणी. ज्यांनी गेम बनवले त्यांच्या हातात आमच्याकडून एक रुपया पडला नाही.

लेक : आणि डाउनलोड आलं म्हणून तू पैसे भरायला लागलास?

मामा : हो, अगदी तसंच झालं. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात आधी डॉलरमध्ये किमती असायच्या, परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड लागायचं. 2015 च्या नोव्हेंबरात त्यांनी भारतासाठी रुपयांत किमती लावल्या. सेल लागला की चांगला गेम काही शे रुपयांत. गेमचे रीतसर पैसे मी आयुष्यात पहिल्यांदा मोजले ते तेव्हा. आवडला नाही तर परत करायची सोयही आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करतं. तुझ्या दुकानदाराकडे सील फोडलेली डबी परत नेऊन बघ.

लेक : नाही घेणार तो.

मामा : शिवाय तुझ्याच पुण्यातला ‘राजी’ घे. नोडिंग हेड्स नावाच्या छोट्या स्टुडिओने बनवलेला. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी किल्ल्यांसारख्या वास्तू, पहाडी चित्रशैलीचा हात. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी पोरांनी तो तडीस नेला. ऑगस्ट 2020 मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरात बाकीच्या यंत्रांवर. आला त्याच दिवशी जगभरातल्या लोकांनी तो उतरवून घेतला. एवढ्याशा संस्थेने आधी डिस्क छापायच्या, डब्या भरायच्या, देशोदेशी वितरक गाठायचे म्हटलं असतं, तर गेम पुण्याबाहेर पडायला किती वर्षं गेली असती?

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. डाउनलोडविषयी बोलताना सोय, वेग, घरात जागा न अडणं, हेच सांगितलं जातं. पण आपल्यासारख्या देशात त्याने दोन मोठी कामं केली आहेत: चोरीच्या प्रतींवर वाढलेल्या एका पिढीला रीतसर गिऱ्हाईक केलं, आणि इथल्या कलावंताला मधल्या साखळीशिवाय जगाच्या बाजारात उभं केलं. मुलीनेही ते नाकारलं नाही.

लेक : मामा, हे सगळं मान्य. कॉम्प्युटरवरचे छोटे गेम मीही डाउनलोडच करते. मी बोलते आहे ते मोठ्या कन्सोलच्या गेमबद्दल. प्लेस्टेशन फाइव्हचा नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. तू पगारदार आहेस. मी एवढे पैसे एका गेमवर घालू शकत नाही. म्हणून मी सेकंडहँड डिस्क घेते, खेळून झाली की विकते, आलेल्या पैशात थोडी भर घालून पुढची घेते. मधल्या काळात ती डिस्क होस्टेलच्या आमच्या मजल्यावर फिरते. एक डिस्क, चौघीजणी खेळतात. डाउनलोड केलेला गेम तू मला विकून दाखव.

मामा : कुटुंबात वाटून खेळायची सोय असते.

लेक : कुटुंबात. मैत्रिणीला देता येत नाही, आणि विकता तर कुणालाच येत नाही. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने यावर खटला भरला होता. 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सांगितलं की स्टीमवर घेतलेला गेम ग्राहकाला पुन्हा विकता आला पाहिजे. 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. संपलं.

मी मुलीबरोबर एकदा तिच्या त्या सेकंडहँडच्या दुकानात गेले होते. दुकान म्हणजे जिन्याखालचा गाळा, तीन माणसं उभी राहिली की भरलं. दुकानदाराने डबी उघडली, डिस्क मधल्या भोकात बोट घालून कडेने उचलली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरून हळूहळू फिरवली. मी विचारलं, काय बघता? म्हणाला, चरा मधून बाहेर सरळ गेला असेल तर डिस्क बहुतेक वेळा वाचते, गोल गेला असेल तर मी घेत नाही. कारण माहिती गोल रेषेत लिहिलेली असते. आडव्या चऱ्याने त्या रेषेचा थोडासाच भाग जातो, गोल चरा मात्र सलग लांबवर खाऊन टाकतो. ब्लू-रे डिस्कमध्ये ही माहिती पृष्ठभागापासून अवघी 0.1 मिलिमीटर आत असते, तिच्यावर कठीण लेप असतो, म्हणून ती जुन्या डीव्हीडीपेक्षा चरे जास्त सोसते. मग त्याने डिस्क यंत्रात घातली, गेमचा पहिला पडदा येईपर्यंत थांबला, मान हलवली आणि पैसे मोजले. एवढी पारख, एवढा व्यवहार आणि त्यावर चालणारं एक घर, हे सगळं डिस्क हातात धरता येते म्हणून आहे.

मामा : ताई, दुकान मलाही आवडतं. पण त्या डिस्कवर काय असतं ते हिला विचार. डिस्क घातली की लगेच गेम सुरू होतो का?

लेक : नाही. आधी सगळा गेम यंत्राच्या आतल्या ड्राइव्हवर उतरतो, त्याला वेळ लागतो. तरी खेळताना डिस्क आतच ठेवावी लागते, किल्लीसारखी.

मामा : आणि मग अपडेट. 10 डिसेंबर 2020 ला ‘सायबरपंक 2077’ आला. डिस्कवर जे होतं ते जुन्या प्लेस्टेशन फोर आणि एक्सबॉक्स वनवर धड चालत नव्हतं. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, पैसे परत दिले. पुढे कितीतरी अपडेट आली आणि आज तो उत्तम गेम आहे. पण त्या पहिल्या दिवसाची डिस्क जपून ठेवलीस, तर तू काय जपलंस? गेमचा अर्धाकच्चा खर्डा. अलीकडे तर कहरच आहे. निन्टेन्डो स्विच टू आला जून 2025 मध्ये, त्याचे बरेच गेम डबीत येतात, डबीत कार्डही असतं, पण त्या कार्डावर गेमच नसतो! कार्ड घातलं की गेम इंटरनेटवरून डाउनलोड होतो. निन्टेन्डोने त्याला नाव दिलंय गेम-की कार्ड.

लेक : ती डबी मलाही नको. पण निदान ते कार्ड विकता तरी येतं. आणि ‘सायबरपंक’च स्विच टूवर अख्खा कार्डावर दिला आहे, 64 जीबीच्या. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

इथपर्यंत वाद पैशाचा आणि सोयीचा होता, आणि त्यात दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पगारदाराने डाउनलोड घ्यावा, विद्यार्थ्याने डिस्क घ्यावी, हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. मला अस्वस्थ केलं ते पुढच्या भागाने.

मी : एक सांग. तू विकत घेतलेले हे एवढे गेम, उद्या ती कंपनी बंद पडली तर?

मामा : मोठ्या कंपन्या आहेत, ताई. एवढ्यात बंद पडत नाहीत.

लेक : कंपनी बंद पडायची गरजच नाही. दुकान बंद केलं तरी पुरतं. निन्टेन्डोने मार्च 2023 मध्ये वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. आधी घेतलेले गेम लोकांना अजून उतरवता येतात, पण जे गेम फक्त डाउनलोडनेच मिळायचे ते आता पैसे घेऊन उभं राहिलं तरी मिळत नाहीत. 2021 मध्ये सोनीनेही प्लेस्टेशन थ्री आणि व्हिटाचं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. लोक एवढे संतापले की महिन्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. आणि ‘पी.टी.’ आठवतो का? तुझा आवडता भुताचा गेम.

मामा : तो तर फुकट होता. 2014 च्या ऑगस्टमध्ये आला, ‘सायलेंट हिल’च्या नव्या भागाची चुणूक म्हणून. पुढच्या एप्रिलमध्ये कोनामी या त्याच्या कंपनीने तो काढून टाकला.

लेक : काढला म्हणजे ज्यांनी आधी उतरवला होता आणि नंतर यंत्रातून पुसला, त्यांनाही परत उतरवता येईना. केवळ तो गेम आत आहे म्हणून लोकांनी जुने प्लेस्टेशन फोर जपून ठेवले. त्याची डिस्क निघाली असती तर आज दोनशे रुपयांत कुठल्याही दुकानात मिळाली असती.

मी : आणि तुझ्यानंतर? घरातली पुस्तकं, भांडी, दागिने मुलांकडे जातात. तुझ्या खात्यातले गेम तुझ्या मुलाकडे जातील?

मामा : पासवर्ड देऊन ठेवीन.

लेक : नियमात बसत नाही ते. स्टीमच्या करारात स्पष्ट आहे, खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाचं तर हयातीतच गेलं. कार्डाच्या एका व्यवहारावरून बँकेशी वाद झाला, गेमच्या दुकानाने खातं गोठवलं. वाद एका गेमचा, कुलूप सगळ्यांना. कितीतरी आठवडे पत्रव्यवहार करत बसला होता.

यावर माझा भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने जे उदाहरण काढलं त्याने आमच्या दोघींचीही बोलती बंद झाली.

मामा : ठीक आहे. डाउनलोडवाल्याचं खातं दुसऱ्याच्या हातात असतं, कबूल. आता तुझ्या डिस्कचं बघू. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता, युबिसॉफ्टचा, डिसेंबर 2014 चा. अख्ख्या अमेरिकेचा नकाशा लहान करून बसवलेला, न्यूयॉर्कहून निघून गाडी चालवत लॉस एंजेलिसला जाता यायचं. एकट्यानेही खेळता यायचा, मी तर कित्येक तास नुसती गाडी चालवली आहे त्यात, शर्यत न लावता. पण सुरू करताना प्रत्येक वेळी कंपनीच्या सर्व्हरशी जोडावं लागायचं. 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्टने ते सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागही गेला. डाउनलोडवाल्यांच्या खात्यातून परवानाच काढून घेतला. आणि डिस्कवाल्यांचं काय झालं?

लेक : डिस्क उरली.

मामा : डिस्क उरली, गेम गेला. डबी शाबूत, वरचं चित्र शाबूत, चरा एकही नाही. घाल यंत्रात आणि बघ. ‘कॉन्कॉर्ड’चंही तेच. सोनीचा गेम, 23 ऑगस्ट 2024 ला आला, 6 सप्टेंबरला बंद. दुकानात डिस्क होत्या त्याच्या. पैसे परत दिले, हे खरं. पण डिस्क आज कुणाच्या काय कामाची?

मुलीकडे याचं उत्तर नव्हतं, आणि तिने ते प्रामाणिकपणे कबूल केलं. वर तिने स्वतःच्याच बाजूच्या विरोधातली आणखी एक माहिती दिली. 2023 च्या शेवटी आलेल्या बारीक प्लेस्टेशन फाइव्हला डिस्कचा ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना यंत्राला एकदा इंटरनेटवरून सोनीशी बोलावंच लागतं. म्हणजे डिस्क तुमची, यंत्र तुमचं, ड्राइव्ह तुमचा, आणि तरी पहिल्या वेळी परवानगी दुसऱ्याची.

मी भावाला विचारलं, असा एकही डाउनलोड आहे का जो खरोखर तुझा आहे? तो म्हणाला, आहेत की. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये जीओजी नावाचं दुकान काढलं. तिथे गेमवर कुलूप नसतं. इन्स्टॉलरची फाइल उतरवायची, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवायची. मग इंटरनेट तोडा, खातं मिटवा, जीओजी उद्या बुडू दे, ती फाइल चालते. त्याच्या कपाटात अशी एक हार्ड डिस्क आहे, वर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, फाइलींची यादी हाताने लिहिलेली. मी ती पाहिली. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीसारखीच ती यादी आहे: नाव, साल, कुठून घेतलं, कधी उतरवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दोघांचं भांडण चुकीच्या रेषेवर चाललं आहे. एका बाजूला डबी आणि दुसऱ्या बाजूला डाउनलोड, अशी रेष ओढली की ‘द क्रू’ची डिस्क जपण्यासारख्या गोष्टींत जाऊन बसते आणि जीओजीची फाइल हवेत विरणाऱ्या गोष्टींत. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. पाहायचं ते हे की पैसे दिल्यानंतर गेम सुरू करायला पुन्हा कुणाची परवानगी लागते का. लागत असेल तर डबी कितीही देखणी असो, तुम्ही भाडेकरू आहात. मालकाने नोटीस दिली की बाहेर.

कॅलिफोर्नियात 2024 मध्ये झालेला आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू असलेला कायदा याच रेषेवर चालतो. ऑनलाइन दुकानाने ‘खरेदी’ म्हणून डिजिटल वस्तू दिली, तर ग्राहकाला मिळतो आहे तो केवळ परवाना आहे हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. जी वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागू नाही, कारण तिथे ग्राहकाची फसगत होत नाही. कायदा गेम वाचवत नाही, नुसतं सांगायला लावतो. तरी सुरुवात म्हणून तो मला चांगला वाटतो.

लेक : सांगून काय होणार, आई? कंपन्यांना वाटतं लोक सवयीने गप्प बसतील. 2024 च्या जानेवारीत युबिसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने मुलाखतीत म्हटलं होतं की गेम आपल्या मालकीचा नसण्याची खेळाडूंना सवय व्हायला हवी.

मामा : गप्प मात्र बसले नाहीत. ‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबवाल्याने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम काढली. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालू ठेवा असं कुणी म्हणत नाही, पण बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. युरोपीय संघाकडे नागरिकांनी केलेल्या अर्जावर जुलै 2025 मध्ये 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. आणि त्याआधीच, 2024 मध्ये, युबिसॉफ्टने ‘द क्रू 2’ ला इंटरनेटशिवाय चालायची सोय करू असं जाहीर केलं. करता येत होतं तर!

लेक : 2013 मध्येही तेच झालं होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन आणताना जाहीर केलं, यंत्र चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलंच पाहिजे, सेकंडहँड डिस्कवर बंधनं. लोकांनी एवढा गदारोळ केला की त्याच महिन्यात सगळं मागे घेतलं. त्यांनी माघार घेतली म्हणून आज माझा तो जिन्याखालचा दुकानदार धंदा करतो आहे.

दोघांचं इथे जमलं, पण माझं समाधान झालं नाही. ग्राहकाचा हक्क ही एक गोष्ट. जपणूक ही दुसरी, आणि तिचा आपल्याकडे कुणी विचारच करत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने 2023 मध्ये पाहणी केली. 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात कुठल्याही रीतसर मार्गाने मिळत नाहीत, असं तिच्यात आढळलं. ग्रंथालयांनी जपलेले जुने गेम संशोधकांना दुरून पाहू द्यावेत, अशी मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाकडे झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये ती फेटाळली गेली. दुर्मीळ पुस्तकाचं पान स्कॅन करून मी जळगावच्या अभ्यासकाला पाठवू शकते. गेमच्या बाबतीत त्या अभ्यासकाने गाडी पकडून ग्रंथालयात यावं, अशी ही भूमिका आहे.

मुलीला मी हेही सांगितलं की डिस्कवर फार भिस्त ठेवू नकोस, हे मी अनुभवाने सांगते. संगणकाच्या मासिकांबरोबर आलेल्या सीडी आमच्याकडे कपाटभर आहेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत काहींच्या कडा पांढुरक्या झाल्या, काही यंत्राला ओळखूच येत नाहीत. पुस्तक वाळवीपासून वाचवलं की शंभर वर्षं टिकतं. डिस्कची प्रत वेळेवर दुसरीकडे उतरवून घ्यावी लागते, आणि नेमकं तेच करायला कुलूप आणि कायदा आडवे येतात. म्हणजे जपणुकीच्या दृष्टीनेही डबी की डाउनलोड हा प्रश्न दुय्यमच. कुलूप नसलेली प्रत कुणीतरी, कुठेतरी, जबाबदारीने ठेवायला हवी.

फ्रान्सने हे ओळखलं आहे. तिथे 1992 च्या कायद्याने प्रकाशित सॉफ्टवेअरची प्रतही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते, आणि पॅरिसच्या त्या संग्रहात हजारो व्हिडिओ गेम आहेत. आपल्याकडे 1954 चा कायदा आहे. प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायची. या कायद्याने कितीतरी मराठी पुस्तकं वाचवली आहेत. प्रकाशक मिटले, वारस उरले नाहीत, पण प्रत मुंबईत आहे. त्यात गेमचा उल्लेख नाही. पुण्यातल्या मुलांनी तीन-चार वर्षं खपून केलेला ‘राजी’ देशातल्या कुठल्याही ग्रंथालयाकडे जमा करण्याचं बंधन कुणावर नाही.

वाचकांना माझं सांगणं एवढंच की मुलांसाठी, स्वतःसाठी गेम घ्याल तेव्हा डबीच्या मागची किंवा विक्रीच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. ‘इंटरनेट आवश्यक’ असं असेल तर दुकानदाराला विचारा, एकट्याने खेळतानाही लागतं का? लागत असेल तर तो गेम भाड्याचा समजून तेवढीच किंमत द्या. जिथे कुलपाशिवाय फाइल मिळते तिथून घेता येत असेल तर तिथूनच घ्या आणि तिची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि सरकारकडे मागणी अशी की 1954 च्या कायद्यात 1956 साली दुरुस्ती करून वृत्तपत्रं घेतली होती, तसे आता भारतात बनलेले व्हिडिओ गेमही घ्यावेत, आणि ते सर्व्हरशिवाय चालतील अशाच रूपात जमा करून घ्यावेत.